आकार उलटा, माप तेच

पुण्यात बाजीराव रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात चष्म्याचं जुनं दुकान होतं. दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं. भिंतीवर दोन पाट्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील.’ पुण्यात तिचं कुणाला काही वाटत नसे. दुसरी पाटी मात्र येणारा प्रत्येक जण दोनदा वाचायचा. ‘तीनच फ्रेम दाखवल्या जातील. कारण विचारू नये.’

दुकानाचे मालक साठी ओलांडलेले होते. सगळे त्यांना काका म्हणत. काका फार कमी बोलत. गिऱ्हाईक आलं की त्याला खिडकीसमोरच्या स्टुलावर बसवत, केस मागे घ्यायला सांगत आणि चेहऱ्याकडे बघत राहत. कपाळ रुंद आहे की जबडा, गालाची हाडं कुठवर आली आहेत, हनुवटी निमुळती आहे की सपाट, भुवया सरळ आहेत की कमानदार, हे सगळं ते एका नजरेत टिपत. मग उठून मागच्या चार खणांपैकी एक खण उघडत आणि त्यातून तीन फ्रेम काढून काचेवर मांडत.

त्या चार खणांवर त्यांच्या वडिलांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. गोल, चौकोनी, लांब, बदामी. ही नावं चेहऱ्यांची होती. ‘गोल’ लिहिलेल्या खणात एकही गोल फ्रेम नव्हती. तिथे सगळ्या कोपरे असलेल्या, आडव्या, रेखीव फ्रेम होत्या. ‘चौकोनी’ लिहिलेल्या खणात गोल आणि अंडाकृती फ्रेम होत्या, रुंद जबड्याचा कडकपणा जरा मवाळ करणाऱ्या. ‘लांब’ खणात उंच काचांच्या आणि जाड काड्यांच्या फ्रेम होत्या. लांब चेहऱ्याला मध्येच एक आडवी रेघ मिळाली की तो आटोपशीर दिसतो. कपाळ रुंद आणि हनुवटी टोकदार असलेल्या बदामी चेहऱ्यासाठी वरून हलक्या आणि खाली जराशा भरलेल्या फ्रेम होत्या.

वडिलांनी काकांना धंद्याचा नियम एका ओळीत शिकवला होता. आकार उलटा, माप तेच. चेहऱ्यात जे आधीच आहे, ते फ्रेमने पुन्हा सांगायचं नाही. चेहऱ्यात जी रेघ नाही, ती फ्रेमने आणायची. पण फ्रेमची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीइतकीच हवी. कानशिलाच्या फार बाहेर गेलेली फ्रेम घसरते आणि आत राहिलेली रुतते.

फ्रेम डोळ्यांवर चढली की काका फक्त तीन शब्द बोलत. ‘वाका’, ‘हसा’, ‘मिचकावा’. वाकल्यावर फ्रेम नाकावरून घसरता कामा नये. हसल्यावर गालांनी ती वर उचलली जाता कामा नये. डोळे मिचकावल्यावर पापणीचे केस काचेला लागता कामा नयेत. तिन्ही जमलं की काका मान हलवत आणि पावती फाडत. गिऱ्हाईक कधी खूश होऊन जाई, कधी नुसतंच जाई.

पुढे काकांचा हात थरथरायला लागला. चष्म्याच्या बिजागरीतला बारीक स्क्रू बसवायला त्यांना दोनदा, तीनदा प्रयत्न करावा लागे. काकू म्हणाल्या, “आता मदतीला कुणीतरी घ्या.” काकांनी दारावर चिठ्ठी लावली. त्याच आठवड्यात दोन मुलं आली.

पहिला मुलगा आला, नमस्कार करून उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. काकांनी त्याच्यापुढे सरमिसळ झालेल्या स्क्रूंचा डबा ठेवला. त्याने मान खाली घालून तासाभरात सगळे स्क्रू मापाप्रमाणे वेगळे केले, डबा पुसला आणि जागेवर ठेवला.

दुसरा मुलगा बोलतच आत शिरला. तो फर्ग्युसन रस्त्यावर गॉगल विकत असे. “काका, आरसा इथे कशाला लावलाय? उजेड तर तिकडून येतोय,” तो म्हणाला. स्टुलावर एक आजी तोंड पाडून बसल्या होत्या. नवा चष्मा घेण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. मुलाने त्यांच्याशी काहीतरी गंमत केली आणि आजी खुदकन हसल्या. काकांनी त्याला खणातली एक फ्रेम आणायला सांगितली. फ्रेम त्याने बरोबर आणली, पण खण उघडाच ठेवला.

काकांनी पहिल्या मुलाला ठेवून घेतलं.

रात्री जेवताना काका समाधानाने म्हणाले, “मुलगा छान मिळाला. अगदी माझ्यासारखा.”

काकू ताक वाढत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे आता दुकानात दोन तुम्ही.”

काकांना ते कौतुकच वाटलं.

अबोल मुलगा खरोखरच गुणी होता. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. त्याच्या हातून काचेवर कधी ओरखडा पडला नाही. कुठली फ्रेम कुठल्या खणात, हे त्याला आठ दिवसांत पाठ झालं. काकांसारखाच तोही गिऱ्हाइकाकडे बघायचा, खण उघडायचा आणि तीन फ्रेम मांडायचा. दुकानात इतकी शांतता असे की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज पायरीपर्यंत ऐकू यायचा.

गुढीपाडवा झाला आणि ऊन तापायला लागलं. पुण्यातले लोक दुचाकीवरून फिरणारे. चैत्र लागला की मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, मुलं डोक्यावर टोपी चढवतात आणि सगळ्यांना गॉगल लागतो. दुकानासाठी हे दिवस कमाईचे होते.

एका सकाळी एक कॉलेजची मुलगी आली. चेहरा गोल, गाल भरलेले, हनुवटी लहानशी. “मला गोल गॉगल हवाय. मोठा आणि काळाभोर,” ती म्हणाली.

काकांनी तिला स्टुलावर बसवलं, चेहरा पाहिला आणि ‘गोल’ लिहिलेला खण उघडला. काचेवर कोपरे असलेले तीन गॉगल मांडले.

“हे नकोत. गोल दाखवा ना.”

“शोभणार नाही,” काका म्हणाले.

“का?”

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. मुलीने अबोल मुलाकडे पाहिलं. त्यानेही पाटीकडे पाहिलं. मुलगी उठली, पर्स उचलली आणि पायऱ्या उतरून गेली.

अशी ती एकटीच नव्हती. त्या उन्हाळ्यात बरेच लोक आले आणि तसेच गेले. काहींनी फ्रेम घेतली, पण मनाविरुद्ध घेतली. दुकानात चूक एकही होत नव्हती आणि विक्रीही फारशी होत नव्हती. काका वही उघडत, बेरीज तपासत. बेरीज बरोबर असे. आकडा मात्र लहान असे. काकांना कळेना की बिघडतंय कुठे. त्यांनी अबोल मुलाला विचारलं. त्याने विचार केला आणि सांगितलं, “मला तर सगळं बरोबर वाटतं.” काकांनाही सगळं बरोबरच वाटत होतं.

एका संध्याकाळी काका डेक्कनला कामासाठी गेले आणि परत येताना फर्ग्युसन रस्त्यावरून चालू लागले. एका झाडाखाली तोच बोलका मुलगा उभा होता. थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यावर रांगेने गॉगल खोचलेले होते आणि त्याच्या हातात एक आरसा होता. काका जरा लांब उभे राहून बघू लागले.

लांब चेहऱ्याच्या एका तरुणाने अगदी बारीक, अरुंद काचांचा गॉगल उचलला होता. मुलगा त्याला नको म्हणाला नाही. “घाला ना. मस्त,” असं म्हणून त्याने आरसा धरला. मग दुसरा, उंच काचांचा गॉगल पुढे केला. “आता हा बघा. आणि मला सांगा, कुठल्यात तुमची हनुवटी आधी दिसते?” तरुणाने एक घातला, दुसरा घातला, पुन्हा पहिला घातला. मग स्वतःच म्हणाला, “पहिल्यात. दुसराच द्या.”

काकांना नवल वाटलं. वडिलांचा नियम या मुलाला कुणी सांगितला नव्हता. रोज शेकडो चेहरे बघून तो त्याला आपोआप सापडला होता. आणि काका जे गिऱ्हाइकाला सांगत नव्हते, ते हा मुलगा गिऱ्हाइकाच्याच तोंडून काढून घेत होता.

तेवढ्यात मुलाने काकांना ओळखलं. “काका, या ना! हा बघा पायलटचा गॉगल. सगळ्यात जास्त खपतो. कुणालाही चालतो.”

आता काकांना राहवेना. त्यांनी तो थेंबाच्या आकाराचा गॉगल हातात घेतला. “कुणालाही चालत नाही,” ते म्हणाले. “हा आकार मुळात कामासाठी घडला. विमान चालवणाऱ्याची नजर सारखी खालच्या उपकरणांकडे जाते. म्हणून याची काच खाली गालापर्यंत उतरते. बॉश अँड लोम्ब या अमेरिकन कंपनीने तो १९३७ साली रे-बॅन नावाने बाजारात आणला. जबडा रुंद असेल तर हा छान दिसतो. गाल भरलेले असतील तर हसताना वर उचलला जातो.”

मुलगा कान देऊन ऐकत होता. काकांनी गॉगल हातभर लांब धरला आणि त्याच्या काचेतून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत तो हळूहळू वर-खाली केला. मग मुलाच्या हातात दिला. “बघ. खांब सरळ राहतो का?”

मुलाने बघितलं. काच हलली की खांब लाटेसारखा वाकत होता.

“काच नीट नाही. दिवसभर असलं घातलं की डोळे शिणतात. आणि याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही,” काका म्हणाले. “उन्हात अतिनील किरण असतात. ते वर्षानुवर्षं डोळ्यांत जात राहिले तर मोतीबिंदू लवकर होण्याचा धोका वाढतो. गॉगलने ते अडवायला हवेत.”

“हा काळाकुट्ट आहे की, काका. अडवत असेलच.”

“काळेपणाचा आणि त्याचा संबंध नाही. काळेपणा फक्त उजेड कमी करतो. अतिनील किरण अडवायला काचेतच तशी सोय लागते. चांगली काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते, म्हणून तिच्यावर यूव्ही ४०० असं लिहितात. पॉलिकार्बोनेटची काच तर रंगहीन असली तरी बहुतेक अतिनील किरण अडवते. आता उलटं बघ. काच काळी आहे, पण किरण अडवत नाही. मग काय होईल? अंधार झाला असं समजून डोळ्याची बाहुली मोठी होईल आणि त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून किरण खुशाल आत जातील. उघड्या डोळ्यांनी माणूस निदान डोळे बारीक तरी करतो.”

मुलाचा चेहरा उतरला. त्याने तक्त्यावरच्या गॉगलच्या रांगांकडे पाहिलं. “या सगळ्यांवर यूव्ही ४०० चं स्टिकर आहे,” तो म्हणाला.

“स्टिकर कुणीही छापतं. दुकानात माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे. उद्या घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मुलगा दोन पिशव्या घेऊन पायरीवर बसलेला होता. काकांनी एकेक गॉगल यंत्राखाली धरला. काही स्वस्तातले गॉगल चांगले निघाले. बरेच निघाले नाहीत. मुलाने चांगले एका पिशवीत भरले आणि वाईट दुसऱ्या पिशवीत. दुसऱ्या पिशवीला त्याने घट्ट गाठ मारली. “याचं काय करणार?” काकांनी विचारलं. “विकणार नाही,” तो म्हणाला आणि निघून गेला. त्या पिशवीत त्याचे बरेच पैसे अडकले होते, हे काकांना ठाऊक होतं.

चार-पाच दिवसांनी तो परत आला. त्याच्या मागे तीच गोल चेहऱ्याची मुलगी होती. त्या सकाळी दुकानातून निघून ती याच्याकडे गेली होती आणि तिथून मोठा, काळाभोर, गोल गॉगल घेतला होता. आता त्याची काडी ढिली झाली म्हणून ती तक्रार घेऊन गेली. मुलाने काडी घट्ट करायच्या ऐवजी तिचे पैसे परत दिले. “ताई, याची काच चांगली नाही. मला माहीत नव्हतं. माझ्याबरोबर एका दुकानात चला,” असं त्याने तिला सांगितलं. दुकान कुठलं हे कळल्यावर ती पायरीवरच थांबली होती.

“इथे कारण विचारायचं नसतं,” ती म्हणाली.

“तुम्ही नका विचारू. मी विचारतो,” मुलगा म्हणाला.

मग तो तिला विचारत गेला आणि काका ऐकत राहिले. गाडी कधी चालवता? ती म्हणाली, रोज. सकाळी कोथरूडहून डेक्कनकडे निघते तेव्हा सूर्य समोर असतो आणि संध्याकाळी पौड रस्त्याने परत जाते तेव्हा पुन्हा समोरच असतो. हेल्मेट घालता? हो, पण त्यातून गॉगलच्या काड्या आत जातच नाहीत. स्कार्फ बांधता? हो, आणि मग श्वासाची वाफ काचेवर धरते.

काका चाळीस वर्षं चेहरे बघत आले होते. हा चेहरा रोज कुठे जातो, कुठल्या उन्हातून जातो, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

मुलाने आरसा भिंतीवरून काढला आणि दाराशी, उजेडात धरला. आधी तिचाच गोल गॉगल तिला घालायला दिला. काका सवयीने म्हणाले, “हसा.” मुलगी हसली आणि गॉगल गालांवरून वर सरकला. तिने तो खाली ओढला. मुलाने तिला पुन्हा हसवलं. गॉगल पुन्हा वर गेला. तिने आरशात नीट पाहिलं. गोल चेहऱ्यावर आणखी दोन गोल आले होते.

“सगळंच गोल झालंय,” ती स्वतःच म्हणाली.

काका उठले. त्यांनी ‘गोल’ लिहिलेला खण उघडला आणि एक गॉगल निवडून काढला. वरची कड सरळ, बाहेरच्या बाजूला किंचित वर गेलेली. खालचे कोपरे मात्र मऊ, गोलाकार. तिला गोल आवडतं, हे या वेळी काकांनी ऐकलं होतं. काड्या बारीक आणि सरळ, हेल्मेटमध्ये सहज शिरतील अशा. फ्रेम गालांपासून थोडी सुटी, म्हणजे श्वासाला बाहेर पडायला वाट राहील.

मुलीने तो घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मीच नाही वाटत मी. परका वाटतोय हा.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “परका वाटतोय की टोचतोय?”

तिने मान हलवून पाहिली, वाकून पाहिलं, हसून पाहिलं. “टोचत नाही.”

“मग तो तुमचाच आहे. टोचत असता तर माप चुकलं असं म्हटलं असतं. नाकावर वळ उठला, कानामागे दुखलं, कानशील दाबलं गेलं, तर तो गॉगल कितीही सुंदर असला तरी तुमचा नाही. हा नुसता परका वाटतोय. तुमच्या चेहऱ्यात नाही अशी एक सरळ रेघ यात आहे आणि डोळ्यांना तिची सवय नाही. आठवडाभर घाला. मग हा काढल्यावर चुकल्यासारखं वाटेल.”

काका एका दमात इतकं बोलले हे पाहून अबोल मुलाने मागून डोकावलं.

काकांनी काचेबद्दलही सांगितलं. काचेच्या गडदपणाचे शून्यापासून चारपर्यंत प्रकार असतात. उन्हात गाडी चालवायला तिसऱ्या प्रकारची काच पुरते. चौथ्या प्रकारची इतकी गडद असते की ती घालून गाडी चालवायची नाही. आणि दिवे लागले की कुठलाही गॉगल काढून ठेवायचा. मुलीने सगळं ऐकलं, चार प्रश्न विचारले आणि गॉगल घालूनच पायऱ्या उतरली.

काकांनी बोलक्या मुलाला दुकानात ठेवून घेतलं. पण काम सोपं नव्हतं. मुलगा दिवसभर बडबड करायचा. खण उघडे ठेवायचा. ‘लांब’मधली फ्रेम ‘बदामी’मध्ये जायची. पायरीवर उभ्या माणसाशी तो आतूनच गप्पा मारायचा. एकला कुलूप लागायच्या वेळी एखादं गिऱ्हाईक आलं तर त्याला परत पाठवायला तयार नसायचा. काकांना दुकानातल्या घड्याळाचा आवाज ऐकू येईनासा झाला. त्यांचं डोकं दुखायला लागलं.

महिनाभर त्यांनी सोसलं. एका दुपारी मुलगा चहा आणायला गेला तेव्हा काका अबोल मुलाला म्हणाले, “उद्या त्याला सांगतो की बाबा, तुझा रस्ताच बरा. तो आपल्यातला नाही. आपलं जमतं तसं त्याच्याशी जमत नाही.”

अबोल मुलगा काच घासत होता. त्याने हातातलं काम थांबवलं. “काका, एक विचारू?” तो म्हणाला.

“विचार.”

“तो परका वाटतोय की टोचतोय?”

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मुलगा कुठे टोचला, ते आठवू लागले. हिशेबात? गल्ल्यातला पैसा कधी कमी भरला नव्हता. गिऱ्हाइकाशी? खपवायची म्हणून वाईट वस्तू त्याने कुणाच्या गळ्यात मारली नव्हती. उलट स्वतःच्या पैशांच्या पिशवीला गाठ मारली होती. कामात? उघडा खण सोडला तर दुसरी तक्रार सापडेना. काकांनी पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. टोचण्यासारखी एकही जागा मिळाली नाही. परका मात्र तो पहिल्या दिवसापासून वाटत होता.

मग त्यांनी समोर उभ्या असलेल्या अबोल मुलाकडे पाहिलं. हा पहिल्या दिवसापासून आपला वाटला होता. त्याच्यात खोट नव्हती. पण काकांमध्ये जे होतं तेच त्याच्यातही होतं आणि काकांमध्ये जे नव्हतं ते त्याच्यातही नव्हतं. काकांनी चार खणांकडे पाहिलं. गोल चेहऱ्याला गोल फ्रेम त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दिली नव्हती. स्वतःला मात्र दिली होती.

मुलगा चहा घेऊन आला. काकांनी कप घेतला आणि एवढंच म्हणाले, “खण लावत जा रे.”

“हो काका,” मुलगा म्हणाला. त्यानंतर पाच-सहा दिवस त्याने खण लावले. मग अबोल मुलानेच खणांना आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या बसवल्या आणि तो प्रश्न मिटला.

हळूहळू दुकानाची घडी बसली. अबोल मुलगा मागच्या बाजूला बसू लागला, जिथे काच कापायची, घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. हात आणि नजर स्थिर लागते अशी ती जागा त्याचीच होती. बोलका मुलगा दाराशी, आरशाजवळ उभा राहू लागला. काका दोघांच्या मध्ये स्टुलावर बसत. चेहरा ते बघत, खण ते सांगत. पण त्याआधी गिऱ्हाईक काय म्हणतंय, तेही ऐकून घेत. फ्रेम अजूनही तीनच निघत. पाटीवरची दुसरी ओळ मात्र काकांनी स्वतः खोडून नवी लिहून घेतली. ‘कारण विचारल्यास सांगितले जाईल.’

एकदा काकू डबा घेऊन दुकानात आल्या. त्यांनी पाटी वाचली, पुढे बोलणारा मुलगा पाहिला, मागे मान खाली घालून बसलेला मुलगा पाहिला. “आता दुकानाचा चेहरा बरा दिसतो,” त्या म्हणाल्या. या वेळी ते कौतुकच होतं.

चष्म्याचा नियम माणसांनाही लागू पडतो, हे काकांना उशिरा उमगलं. आपल्यालाही बहुधा उशिराच उमगतं. सोबती, भागीदार, सल्लागार निवडताना आपला हात पहिल्यांदा आपल्यासारख्या माणसाकडे जातो. तापट माणसाला तापट मित्र जवळचा वाटतो, कारण तो म्हणतो, ‘तू चिडलास ते योग्यच.’ भित्र्या माणसाला भित्राच सल्लागार शहाणा वाटतो. अशा जोडीत भांडण होत नाही आणि शांतता नांदते. पण आपण ज्या बाजूला आधीच झुकलेले असतो त्याच बाजूला आणखी वजन पडतं, आणि दोघांनाही जे दिसत नाही ते दाखवायला तिसरं कुणी नसतं.

याचा अर्थ जो वेगळा दिसला त्याला जवळ करावं असा नाही. नियमाचा दुसरा भागही पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. स्वभाव उलटा चालेल, पुष्कळदा उलटाच हवा. पण सचोटीचं, कष्टाचं आणि दुसऱ्याचा विचार करण्याचं माप एकच हवं. ते जुळत नसेल तर सोबत रुतते किंवा घसरते, मग माणूस कितीही गोड असो. म्हणून एखाद्या माणसाशी आपलं जमत नाही असं वाटलं, तर त्याला दूर करण्याआधी स्वतःला एकदा विचारावं, हा परका वाटतोय की टोचतोय? टोचत असेल तर सोडावं. नुसता परका वाटत असेल तर थोडे दिवस थांबावं. आपल्यात नसलेली रेघ कदाचित त्याच्याकडेच असेल.